सातभाईंच्या घरचा चातक

मुलुंड (पूर्व)
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय नीलू,

तुझा व्हॉइस मेसेज पुन्हा पुन्हा लावून ऐकला. अर्धा तुझा आवाज, अर्धा मागे तुझ्या नातवाचा जर्मन-मराठी दंगा. पण त्याचा प्रश्न मात्र नीट कळला. ऐरोलीच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंचा व्हिडिओ मी पाठवला होता, तो बघून म्हणे त्याने विचारलं: कच्छहून मुंबईचा रस्ता पिल्लाला आई शिकवते, की पिल्लू पोटातूनच शिकून येतं? आणि तू ‘माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही’ असं सांगून मोकळी झालीस! अगं, म्हण झकास आहे, पण शास्त्रज्ञांनी शंभरएक वर्षं डोकं फोडलेल्या प्रश्नाला तू एका म्हणीत गुंडाळलंस. त्यातून गंमत अशी, की या प्रश्नावरचे जगभर गाजलेले प्रयोग झाले ते राडोल्फझेलला. तुझ्या कॉन्स्टान्सहून आगगाडीने अर्धा ताससुद्धा लागत नसेल. आणि विचारतेस कुणाला, तर मुलुंडला बसलेल्या मला!

असो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून पाखरांमागे हिंडणं हाच माझा धंदा आहे, तेव्हा सांगते. पत्र लांबेल. चहा घेऊन बस.

पहिली अडचण अशी, की नुसतं बघून हे कळत नाही. भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याने खाडीकडे गेलं, की ओहोटीच्या वेळी चिखलात गुलाबी चादर पसरलेली दिसते. जवळून पाहिलं तर सगळे गुलाबी नसतात. मधून मधून राखट, मळकट रंगाची उंच पोरं दिसतात, तीच गेल्या एकदोन हंगामांतली पिल्लं. मोठ्यांसारखीच मान उलटी करून, चोच चिखलात घालून, पाय नाचवत खात असतात. ती इथवर कशी आली? थव्याबरोबर आली. आता थव्याबरोबर आलेल्या पोराला रस्ता स्वतःला माहीत होता, की ते फक्त पुढच्याच्या शेपटीकडे बघत उडत होतं, हे तू कसं ओळखणार? दोन्हींत उड्डाण सारखंच दिसतं. ओळखायचं असेल तर एकच उपाय: पोराला वडीलधाऱ्यांपासून तोडायचं आणि ते एकटं कुठे जातं ते बघायचं.

क्रूर वाटतं ना? पण नीलू, हा प्रयोग आपल्या उपनगरात दर पावसाळ्यात आपोआप होतो. कुणी करत नाही, कुणाला अनुदान लागत नाही. आणि प्रयोगातला पक्षी कोण, तर साक्षात चातक.

ज्याची आपण ‘चातकासारखी वाट बघणं’ म्हणून आठवण काढतो तोच. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, लांब शेपटी, पंखावर पांढरा डाग. जूनच्या सुमारास येतो. आरेत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, आमच्या मुलुंड कॉलनीच्या डोंगराच्या कडेला ‘पियू, पियू-पी-पी-पियू’ असा ओरडा सुरू झाला, की समजायचं, छत्र्या दुरुस्तीला टाकायची वेळ झाली. हा कोकिळेच्या कुळातला. घरटं बांधत नाही. अंडं घालतो ते सातभाईंच्या घरट्यात.

सातभाई तुला आठवतीलच. शाळेच्या मागच्या कुंपणात मातकट रंगाचे, पिवळट-पांढऱ्या डोळ्यांचे, सदा रागावल्यासारखे दिसणारे पक्षी सहा-सात जणांच्या टोळीने पालापाचोळा उलटत कलकलाट करायचे, ते. चातकाचं अंडं निळंशार असतं आणि सातभाईंचंही निळंशार, त्यामुळे फसवणूक पचून जाते. कोकिळेच्या काही भाईबंदांचं पिल्लू जन्मल्या जन्मल्या यजमानाची अंडी घरट्याबाहेर लोटून देतं. चातकाचं पिल्लू तसलं पाप करत नाही. ते सातभाईंच्या पोरांबरोबरच वाढतं. सातभाईंमध्ये नुसते आईबापच नाही, टोळीतले काका-मावश्याही पिल्लांना भरवतात. म्हणजे या पाहुण्याची चंगळच.

यंदा सप्टेंबरात मला ते अगदी जवळून बघायला मिळालं. डोंगराच्या पायथ्याशी रानमोडीच्या झुडपावर चातकाचं पिल्लू बसलेलं होतं. वरून तपकिरी-काळं, पोटाकडे पिवळट, तुरा अजून जेमतेम. तोंड उघडून, पंख थरथरवत एकसारखं किंचाळत होतं. खालून एक सातभाई नाकतोडा घेऊन उडी मारत मारत वर आला, चोचीत कोंबला, उतरला. लगेच दुसरा आला. नाकतोड्याचा एक पाय पिल्लाच्या चोचीबाहेर लोंबत होता, तरी त्याचं ओरडणं चालूच! तेवढ्यात टोळीतल्या कुणीतरी धोक्याची आरोळी दिली आणि सगळे सातभाई झुडपात गडप झाले. पाहुणाही त्यांच्यामागे झुडपात शिरला, पण लांब शेपटी बाहेरच राहिली.

आता विचार कर. सातभाई म्हणजे जन्मात आपला इलाखा न सोडणारा पक्षी. आखूड, गोलसर पंख. या झुडपातून त्या झुडपात जायचं तर चार वेळा फडफडायचं आणि तरंगत उतरायचं, एवढीच त्याची झेप. आफ्रिका राहू दे, त्याला ठाणे माहीत असेल की नाही याचीच मला शंका आहे. अशा घरात वाढलेलं हे पिल्लू. खऱ्या आईने अंडं घालून पाठ फिरवली ती फिरवलीच. आणि चातक हिवाळ्यात कुठे जातात? २०२० मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दोन चातकांच्या पाठीवर चिमुकले उपग्रह-ट्रान्समीटर बसवले. एकाचं नाव मेघ आणि दुसऱ्याचं नाव, कल्पनाशक्तीची पराकाष्ठा करून, चातक! त्यातला मेघ अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोचला.

मेघ मोठा पक्षी होता, हे मान्य. पण मेघही कधीतरी कुणातरी सातभाईच्या हातचे नाकतोडे खाऊन वाढला असणार. त्याला समुद्राकडे कुणी नेलं? भरवणाऱ्यांपैकी तर कुणीच नाही.

इथे तू म्हणशील (वकिलाची बायको ना तू), की कशावरून त्या पिल्लाला वाटेत दुसरे चातक भेटले नाहीत? त्यांच्या मागून गेलं असेल. शंका रास्त आहे. युरोपातल्या कोकिळेबाबत, म्हणजे तुमच्याकडच्या कुकूबाबत, ती सहज फेटाळता येते, कारण तिथे मोठे पक्षी पिल्लांच्या कितीतरी आधी निघून जातात आणि पिल्लं मागाहून, रात्रीच्या वेळी, एकेकटी निघतात. तरीही, निसर्गाच्या प्रयोगात आपल्या हाती काही नसतं. म्हणून मग माणसांनी स्वतः प्रयोग लावले.

त्यातला सगळ्यात भव्य प्रयोग हॉलंडमधला. आल्बर्ट पर्डेक नावाचे पक्षिशास्त्रज्ञ होते. तुमच्या बागेत हिवाळ्यापूर्वी थव्याने येतात त्या स्टार्लिंग, आपल्या साळुंकीच्या चुलत बहिणी. त्या शरद ऋतूत बाल्टिक समुद्राच्या बाजूने येऊन हॉलंडवरून उत्तर फ्रान्स आणि दक्षिण इंग्लंडकडे जातात. पर्डेकच्या चमूने हेगजवळ अकरा हजारांहून अधिक स्टार्लिंग पकडल्या, पायात कडी घातली आणि विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडल्या. हे काम १९४८ पासून कित्येक वर्षं चाललं होतं आणि निष्कर्ष छापून आले १९५८ साली. मोठ्या पक्ष्यांनी ओळखलं, की आपण भलतीकडे आलोय. ते वायव्येला वळले आणि आपल्या नेहमीच्या मुक्कामाच्या दिशेने गेले. पहिल्यांदाच निघालेली पोरं मात्र हॉलंडहून ज्या दिशेला गेली असती त्याच दिशेला स्वित्झर्लंडहून उडत राहिली, आणि दक्षिण फ्रान्स, स्पेनला जाऊन उतरली.

आपल्या लोकलच्या भाषेत सांगते. नवख्या माणसाला कुणी सांगितलं, ‘स्लो गाडी पकड आणि दहाव्या स्टेशनला उतर,’ आणि त्याला मुलुंडऐवजी घाटकोपरला गाडीत बसवलं, तर तो दहा स्टेशनं इमानाने मोजेल आणि भलत्याच फलाटावर उतरेल. रोजचा प्रवासी असेल तर खिडकीबाहेर बघून आपलं स्टेशन ओळखेल. स्टार्लिंगचं पिल्लू दिशा आणि अंतर घेऊन जन्माला येतं. ठिकाण कळतं ते प्रवास करून. आणि मला आवडलेली गोष्ट ती याच्या पुढची: चुकून स्पेनला गेलेली ही पोरं पुढल्या वर्षीही स्पेनलाच जाताना आढळली. एकदा हिवाळा काढला, की ते घर झालं.

असं घर धरून ठेवण्याची सवय पक्षितज्ज्ञ सालीम अलींनीही मुंबईत नोंदवून ठेवली आहे. पायात कडी घातलेला एक करडा धोबी उपनगरातल्या एका इवल्याशा हिरवळीवर वर्षामागून वर्ष हिवाळा काढायला येत होता. हिमालयाकडून निघायचं आणि एवढ्या पसरलेल्या मुंबईत ओटीच्या खणाएवढं तेच गवत गाठायचं! हे कुठल्या रक्तात लिहिलेलं असणं शक्य नाही. ते त्याचं त्याने कमावलेलं.

आता तुझ्या राडोल्फझेलकडे येते. तिथल्या पक्षिसंशोधन संस्थेत पेटर बेर्टहोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लॅककॅप नावाच्या वटवट्यावर काम केलं. हाताच्या मुठीत मावेल एवढा पक्षी, नराच्या डोक्यावर काळी टोपी. तुझ्या बागेत नक्की असेल. पश्चिमेकडचे ब्लॅककॅप हिवाळ्यासाठी नैऋत्येला स्पेनच्या अंगाने जातात, पूर्व ऑस्ट्रियातले आग्नेयेला तुर्कस्तानच्या अंगाने. आन्द्रेआस हेल्बिग यांनी काय केलं, तर या दोन घराण्यांचे विवाह लावून दिले! आणि त्यांची पिंजऱ्यात जन्मलेली, कधी स्थलांतर न पाहिलेली पोरं कुठल्या दिशेला जाऊ बघतात ते तपासलं.

कसं तपासलं, ते तुला मुद्दाम सांगते. हे पक्षी रात्री उडतात. जाण्याचे दिवस आले, की पिंजऱ्यातसुद्धा रात्रभर अस्वस्थ असतात. अशा पक्ष्याला नरसाळ्याच्या आकाराच्या भांड्यात ठेवायचं, वर जाळी. तो ज्या बाजूला उडू बघेल, त्या बाजूच्या उतारावर त्याच्या नखांचे ओरखडे उमटतात. आणि ते उमटावेत म्हणून आतून अस्तर कसलं, तर टाइपरायटरच्या करेक्शन पेपरचं! नीलू, स्टेशनजवळचा तो टायपिंग क्लास आठव. चुकलेल्या अक्षरावर पांढरी पट्टी धरून आपण ठक ठक करायचो, बाई मागे उभ्या. त्याच कागदावर त्या पाखरांनी रात्रभर आपला रस्ता टाइप केला, असं मला वाचताना वाटलं. सकाळी ओरखडे मोजले, तर आईबापांच्या दोन दिशांच्या मधली दिशा निघाली. सरळ दक्षिण, म्हणजे समोर आल्प्स.

बेर्टहोल्डनी याच्याही पुढे जाऊन पाहिलं. दक्षिण फ्रान्समधल्या ब्लॅककॅपांत काही जाणारे असतात, काही घरीच राहणारे. जाणाऱ्यांची जाणाऱ्यांशी आणि राहणाऱ्यांची राहणाऱ्यांशी लग्नं लावत गेलं, तर अवघ्या तीन ते सहा पिढ्यांत सगळे जाणारे किंवा जवळजवळ सगळे घरकोंबडे निपजले. इतकं ते रक्तात.

मग तुझी म्हण जिंकली? थांब.

त्याच राडोल्फझेलच्या संस्थेचा पूर्वज म्हणजे रोसिटनचं पक्षिकेंद्र. ते युद्धापूर्वी पूर्व प्रशियात होतं, आज तो भाग रशियात आहे. तिथे एर्न्स्ट श्यूत्स यांनी १९३० च्या दशकात पांढऱ्या करकोच्यांची पिल्लं पूर्वेकडून उचलून पश्चिम जर्मनीत एसनला नेऊन वाढवली. तिथले स्थानिक करकोचे निघून गेल्यावर ज्यांना सोडलं, ती आपल्या पूर्वेकडच्या पूर्वजांच्या आग्नेय दिशेला गेली. ज्यांना स्थानिक थव्यांची सोबत मिळाली, ती त्यांच्यामागून नैऋत्येला! म्हणजे रक्त सांगत होतं एक, आणि थोरामोठ्यांनी नेलं दुसरीकडे.

आणि क्रौंचांमध्ये तर थोरामोठ्यांशिवाय पानच हलत नाही. अमेरिकेतला व्हूपिंग क्रेन १९४१ साली एकवीस-बावीस पक्ष्यांवर येऊन ठेपला होता. पुढे पिंजऱ्यात पिल्लं वाढवून नवा थवा उभा करायचं ठरलं, पण या पिल्लांना रस्ता कोण दाखवणार? मग २००१ पासून हलक्या विमानाने दाखवला. विस्कॉन्सिनहून फ्लोरिडापर्यंत एकोणीसशे किलोमीटरच्या आसपास, पुढे वैमानिक, मागे पिल्लं. माणसाची सवय लागू नये म्हणून सगळे पांढऱ्या ढगळ झग्यात, हातावर क्रौंचाच्या डोक्याची बाहुली, आणि पिल्लांसमोर बोलायचं नाही. एकदा दाखवलं की बस्स. वसंतात पिल्लं आपली आपण परतली.

या थव्याने एक मौल्यवान माहिती दिली. प्रत्येक पक्षी ओळखीचा, कोण कुणाचं पोर हे ठाऊक, आणि वर्षानुवर्षं कोण कुणाबरोबर उडालं याच्या नोंदी. २०१३ मध्ये थॉमस म्युलर आणि सहकाऱ्यांनी त्या तपासल्या. सरळ मार्गापासून कोण किती भरकटतं, हे रक्ताच्या नात्यावरून ठरत नव्हतं. थवा मोठा की लहान, यानेही फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो थव्यातल्या सगळ्यात वयस्क पक्ष्याच्या वयाने. एखादी अनुभवी आजी बरोबर असली, की पोरं कमी भरकटायची, आणि आजी जितकी जुनी तितकी वाट सरळ. (हा निबंध मी आमच्या सोसायटीच्या कमिटीतल्या तरुण मंडळींना वाचून दाखवणार आहे.)

आता फ्लेमिंगो. आपले फ्लेमिंगो मुख्यतः कच्छच्या रणात अंडी घालतात. तिथली ती चिखलाच्या घरट्यांची वसाहत १८९३ मध्ये कच्छचे राव खेंगारजी यांनी जगासमोर आणली. पिल्लं हजारोंच्या पाळणाघरात वाढतात आणि मोठी होऊन थव्यांत मिसळतात. ठाण्याच्या खाडीत हे १९९० च्या दशकापासून मोठ्या संख्येने यायला लागले. म्हणजे आपण शिकत होतो तेव्हा ते इथे फारसे नव्हतेच, म्हणून तुला आठवत नाहीत. २०१५ मध्ये खाडीचं अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (बीएनएचएस) त्याच वर्षी सहा फ्लेमिंगोंवर जीपीएस लावले आणि त्यांतल्या काहींना खेंगारजी, सलीम, हुमायूं, मॅक्कन अशी पक्षिप्रेमींची नावं दिली. खाडीतले पक्षी गुजरातेत कुठे जाऊन पोचतात ते आता नकाशावर दिसायला लागलं.

यावरून तुझ्या नातवाला काय सांगायचं? माझं मत सांगते. तीसएक वर्षांत नवीन खाडी शोधून तिथे लाखाच्या घरात पक्षी जमावेत, हे नुसतं रक्तातल्या दिशेवर चालणाऱ्यांचं लक्षण वाटत नाही. लांब आयुष्य, सदा थवा, पिल्लं मोठ्यांच्या संगतीत, सगळी लक्षणं क्रौंच-करकोच्यांच्या बाजूची. ओढ रक्तातली असेल, ऐरोलीचा पत्ता मात्र थव्याकडून मिळालेला. म्हणून २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरला पंतनगरच्या बाजूला विमानाची धडक बसून चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो मेले, तेव्हा मला आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट लागून राहिली होती: त्यात जुनेजाणते किती होते?

आणि तुझी म्हण अगदीच फुकट जाऊ नये म्हणून एक दाखला देते. पाऊस ओसरला की गच्चीवर, मैदानावर पिवळट चतुरांचे थवे घिरट्या घालतात ना? भारत, मालदीव, पूर्व आफ्रिका आणि परत, असा त्यांचा फेरा असल्याचं चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. तो फेरा एका चतुराच्या आयुष्यात पुरा होतच नाही. गेलेले परत येत नाहीत, परत येते ती त्यांची पुढची पिढी. तिथे कोण कुणाला शिकवणार? ते शंभर टक्के तुझं माशाचं पिल्लू.

आता तुझ्यासाठी काम. हिवाळ्यात तुम्ही पाखरांना दाणे टांगता, तसे इंग्रजही टांगतात. १९६० च्या दशकापासून जर्मनीच्या बाजूचे काही ब्लॅककॅप स्पेनऐवजी इंग्लंडला हिवाळा काढायला जाऊ लागले. बेर्टहोल्डनी असे पक्षी इंग्लंडातून राडोल्फझेलला आणून त्यांची पिल्लं वाढवली. इंग्लंड कधी न पाहिलेल्या त्या पिल्लांनीही नरसाळ्यात वायव्येच्याच बाजूला ओरखडे काढले. १९९२ मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. म्हणजे आपल्या हयातीत, आपण टायपिंग शिकत होतो त्याच काळात, एका पक्ष्याचं रक्तातलं होकायंत्र बदललं. तेव्हा नातवाला घेऊन एकदा राडोल्फझेलला जा आणि तिथे कुणाला तरी विचार, की ती जुनी नरसाळी ठेवलीयेत का. फोटो मिळाला तर मला पाठव.

आणि यंदा तरी डिसेंबरचा हट्ट सोड. तुम्ही परदेशची मंडळी थंडी बघून येता, आणि फ्लेमिंगो तर तेव्हा नुकते कुठे जमायला लागलेले असतात. जूनचं तिकीट काढ. चिखल असेल, लोकल बंद पडतील, तुझे जावई कुरकुरतील. डोंगराच्या वाटेवर चातक मी दाखवते, आणि सातभाई तर तुला घराच्या मागेच भेटतील. नातवासाठी दुर्बीण माझी जुनी आहे, ती आणू नकोस. चॉकलेटं मात्र आण.

तुझी,
वसू